वाटेवरचा माणूस आणि वाचकाची करुणा

१

शोकात्म कादंबरी वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात जी करुणा शिल्लक राहते तिला नैतिक मोल असते काय, हा साहित्यविचारातला जुना प्रश्न आहे. रूसोने १७५८ साली दालांबेरला उद्देशून लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात नाट्यगृहातल्या अश्रूंविषयी जो संशय व्यक्त केला, तो आजही निकालात निघालेला नाही. कल्पित दुःखासाठी चार अश्रू ढाळले की माणुसकीचे देणे फिटले असे प्रेक्षकाला वाटू लागते, आणि पदरचे काहीच खर्च झालेले नसल्यामुळे तो स्वतःवर प्रसन्नही होतो, असा रूसोच्या आक्षेपाचा आशय आहे. याच्या उलट टोकाला मार्था नुसबॉम यांची भूमिका आहे. ‘लव्ह्ज नॉलेज’ (१९९०) या ग्रंथात त्यांनी कादंबरीवाचनाकडे नैतिक शिक्षणाचा एक प्रकार म्हणून पाहिले. सामान्य तत्त्वांच्या पलीकडे जाऊन एका विशिष्ट माणसाकडे बारकाईने पाहण्याची सवय कादंबरी लावते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या दोन्ही भूमिकांमध्ये एक समान गृहीतक आहे. वाचकाची करुणा हा एकसंध, अविभाज्य भाव आहे असे दोघेही धरून चालतात. रूसोला ती निष्फळ वाटते, नुसबॉम यांना ती फलदायी वाटते. पण एकाच कलाकृतीच्या आत ही करुणा कोणाच्या वाट्याला किती येते, ती कोणापाशी थांबते आणि कोणाला ओलांडून पुढे जाते, हा वाटपाचा प्रश्न त्यांच्या विवेचनात मध्यवर्ती ठरत नाही. प्रत्यक्षात नैतिक प्रश्न येथेच निर्माण होतो. वाचक किती हळहळला यापेक्षा कोणासाठी हळहळला आणि त्याच वेळी कोणाकडे त्याचे लक्षच गेले नाही, हे तपासणे अधिक उद्बोधक ठरते.

माल्कम लाउरी (१९०९–१९५७) याची ‘अंडर द व्होल्कॅनो’ (१९४७) ही कादंबरी या तपासणीसाठी विशेष उपयुक्त आहे. स्वदेशापासून तुटलेल्या, परदेशात स्वतःचा नाश ओढवून घेणाऱ्या माणसांची कथा म्हणून ती विसाव्या शतकातील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते. तिचा नायक वाचकाची करुणा जवळजवळ पूर्णपणे व्यापून टाकतो. परंतु याच कादंबरीच्या मध्यावर एक माणूस रस्त्याच्या कडेला मरत पडलेला आहे. त्याला नाव नाही. कादंबरीतील पात्रे त्याला सोडून पुढे जातात, आणि वाचकही पुढे जातो.

२

कादंबरीची रचना बारा प्रकरणांची आहे. पहिले प्रकरण २ नोव्हेंबर १९३९ रोजी घडते. उरलेली अकरा प्रकरणे बरोबर एक वर्ष आधीच्या, म्हणजे २ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवसात घडतात. हा मेक्सिकोतला मृतांचा सण. स्थळ क्वाउनावाक, म्हणजे क्वेर्नावाका या शहराचे जुने नावात्ल भाषेतील नाव. दूरवर पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सीवात्ल हे दोन ज्वालामुखी, आणि गावातून जाणारी एक खोल घळ.

जेफ्री फर्मिन हा येथला माजी ब्रिटिश वाणिज्यदूत. कादंबरीत बहुतेक ठिकाणी त्याचा उल्लेख ‘कॉन्सल’ असाच येतो. ही उपाधी आता पोकळ आहे. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी १८ मार्च १९३८ रोजी परकीय तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि त्यानंतर ब्रिटन व मेक्सिको यांचे राजनैतिक संबंध तुटले. ज्या पदामुळे या माणसाचे येथील वास्तव्य समर्थनीय ठरत होते ते पदच उरलेले नाही. तरी तो येथून हलत नाही. तो मेस्कल आणि अन्य मद्यांच्या आहारी गेला आहे. घटस्फोटित पत्नी इव्हॉन त्या दिवशी सकाळी परत येते. सावत्र भाऊ ह्यू घरीच आहे. बालपणीचा फ्रेंच मित्र झाक लारुएल जवळच राहतो. दिवस मावळेपर्यंत कॉन्सल आणि इव्हॉन दोघेही मृत्यू पावतात.

या कथेत वाचकाला बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे कॉन्सलची जाणीव. ती विद्वान आहे, विनोदी आहे, स्वतःला फसवणारी आहे आणि फसवणूक ओळखणारीही आहे. त्याच्या पुस्तकांच्या फळीवर ब्लेक आणि टॉलस्टॉय यांच्याबरोबर महाभारत, उपनिषदे आणि ऋग्वेदही आहेत. हात थरथरत असतानाही त्याचे वाक्य डगमगत नाही. मदतीचा प्रत्येक हात तो नम्रपणे बाजूला सारतो आणि त्याच वेळी मदतीसाठी आतून आक्रोश करतो. हे दोन्ही वाचकाला एकदमच ऐकू येत राहते. इव्हॉनला जे कळत नाही ते वाचकाला कळते. या विशेषाधिकारातूनच करुणेचा जन्म होतो. ज्याचे अंतरंग उघडे झाले आहे त्याला दोष देणे अवघड असते.

मात्र या विशेषाधिकाराचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. बारा प्रकरणांपैकी पाच कॉन्सलच्या दृष्टिकोनातून येतात, तीन ह्यूच्या, तीन इव्हॉनच्या आणि एक लारुएलच्या. इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच. कथा मेक्सिकोत घडते, सण मेक्सिकन आहे, भूमी मेक्सिकन आहे. पण एकही प्रकरण मेक्सिकन माणसाच्या जाणिवेतून उलगडत नाही. डॉ. व्हिहिल यांच्यासारखी ठसठशीत स्थानिक पात्रे आहेत. ती बोलतात, परंतु वाचकाला त्यांच्या आत प्रवेश नाही. करुणेचे वाटप कथनाच्या या रचनेतच आधी ठरून गेलेले असते.

३

आठव्या प्रकरणात कॉन्सल, इव्हॉन आणि ह्यू बसने तोमालिन येथे बैलांचा खेळ पाहायला निघतात. वाटेत एक माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला दिसतो. इंग्रजीत त्याला ‘इंडियन’ म्हटले आहे. मराठीत त्याला मेक्सिकोचा मूळनिवासी म्हणावे लागते. तोंडावर हॅट, डोक्याला जखम, श्वास चालू. जवळच त्याचा घोडा चरतो आहे. घोड्याच्या पुठ्ठ्यावर सात हा आकडा डागलेला आहे. बस थांबते, काही उतारू खाली उतरतात, चर्चा होते. जखमी माणसाला हात लावणारा कायद्याने गुन्ह्यात गुंतू शकतो, असे कॉन्सल बजावतो. ह्यू पुढे होऊ पाहतो आणि अडतो. इव्हॉनला रक्त पाहवत नाही. ती बसमध्ये परतते. बसमधल्या वृद्ध स्त्रिया जागच्या हलत नाहीत. राजनैतिक वाहनांची पाटी लावलेल्या मोटारी न थांबता निघून जातात. पोलीस येतात, ह्यूशी त्यांची बाचाबाची होते आणि बस सुटते. पुढे लक्षात येते की, बसमधल्या एका भणंग उतारूने, ज्याला ह्यू ‘पेलादो’ म्हणतो त्याने, त्या माणसाचे पैसे उचलले आहेत. रक्ताचे डाग असलेल्या नाण्यांनीच तो बसचे भाडे देतो. ह्यू आणि कॉन्सल हे पाहतात आणि गप्प राहतात.

‘ल्यूक’च्या शुभवर्तमानातील परोपकारी समरितनाच्या दृष्टान्ताची ही उलटी आवृत्ती आहे, हे उघडच आहे. पण या प्रसंगातला नैतिक पेच दृष्टान्ताहून गुंतागुंतीचा आहे. दृष्टान्तात मदत न करणारे याजक आणि लेवी हे दोघेही त्या वाटसरूच्याच समाजातले, आणि मदत करणारा परका. लाउरीच्या प्रसंगात परकेपणा हीच सबब होते. कॉन्सल ज्या कायद्याचा दाखला देतो तो त्याच्या देशाचा नाही. पण स्वतःला अलिप्त ठेवण्यासाठी तो त्याला सोयीचा वाटतो. परदेशस्थ माणसाला मिळणारी ही एक विचित्र सूट आहे. तो त्या देशाचे हवामान, मद्य, उत्सव आणि स्वस्ताई उपभोगतो. कर्तव्याची वेळ आली की तो पाहुणा असतो.

ह्यूची स्थिती याहून बोचरी आहे. दूरच्या दुःखासाठी प्राण द्यायला तो तयार आहे. एब्रोची लढाई हरत चालली असताना स्पेनमधील प्रजासत्ताकवाद्यांकडे दारूगोळा नेणाऱ्या जहाजावर चढण्याचा त्याचा बेत आहे. परंतु पायाशी पडलेल्या एका माणसापाशी त्याची कृती संपते. येथे केवळ ढोंगाचा आरोप करणे सोपे आहे, पण अपुरे आहे. दूरच्या दुःखाला भूमिका असते, शत्रू ठरलेला असतो, स्वतःची प्रतिमा त्यात पाहता येते. वाटेवरच्या माणसापाशी यांपैकी काहीच नसते. तेथे फक्त एक शरीर असते आणि वेळ जात असतो.

कॉन्सलच्या भूतकाळातही हाच दृष्टान्त दडलेला आहे. पहिल्या महायुद्धात तो ज्या जहाजावर अधिकारी होता त्याचे नाव ‘समॅरिटन’. पकडलेल्या जर्मन अधिकाऱ्यांना त्या जहाजाच्या भट्टीत जाळले गेले, असा प्रवाद आहे. त्याची लष्करी चौकशी झाली, तो निर्दोष सुटला आणि त्याला शौर्यपदकही मिळाले. नेमके काय घडले ते कादंबरी कधीच स्पष्ट करत नाही. दयेचे नाव धारण करणारे जहाज, त्यावरील संभाव्य क्रौर्य आणि त्याबद्दलचा सन्मान, या ओझ्यासह कॉन्सल त्या रस्त्यावर उभा आहे. दहाव्या प्रकरणात ह्यूशी वाद घालताना तो एकंदर हस्तक्षेपाचीच निरर्थकता प्रतिपादतो. राष्ट्रे नष्ट व्हायची ती होतात, कोणी कोणाच्या मध्ये का पडावे, असा त्याचा सूर असतो. हा युक्तिवाद वरकरणी इतिहासाविषयी आहे. परंतु दोन प्रकरणांपूर्वी मागे पडलेला माणूस त्याच्या तळाशी आहे. तत्त्वज्ञान कधीकधी अशा एखाद्या न केलेल्या कृतीचे उत्तरकालीन समर्थन असते.

४

आता प्रश्न वाचकाचा. बस सुटली तेव्हा वाचकानेही पान उलटले. त्याला धक्का बसला असेल, पण पुढच्या प्रकरणात तो पुन्हा इव्हॉनच्या आशेत आणि कॉन्सलच्या भयात गुंतला. त्याच्या प्रतिसादातील ही विषमता समजून घ्यायला भारतीय रसविचाराची मदत होते.

रसनिष्पत्तीसाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग आवश्यक मानला आहे. भट्टनायकाने पुढे आणलेली आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने स्वीकारलेली साधारणीकरणाची कल्पना असे सांगते की, काव्यातला भाव हा माझा, शत्रूचा किंवा तटस्थाचा असा राहत नाही. व्यक्तिसंबंधाच्या मर्यादा गळून पडतात आणि सहृदयाला त्याचा निर्वैयक्तिक आस्वाद घेता येतो. हा सिद्धान्त मान्य केला तर एक अडचण उभी राहते. आपपरभाव खरोखरच गळून पडत असेल तर तो कॉन्सलच्या बाबतीत गळावा आणि वाटेवरच्या माणसाच्या बाबतीत गळू नये, असे का?

उत्तर सामग्रीत आहे. कॉन्सलचा शोक अनंत व्यभिचारी भावांनी पोसलेला आहे. स्मृती, दैन्य, शंका, ग्लानी, चिंता, उन्माद, एवढेच नव्हे तर हर्षसुद्धा. त्याच्या दुःखाला बालपण आहे, पत्रव्यवहार आहे, उपरोध आहे. वाटेवरच्या माणसाकडे आहे ते केवळ एक शरीर: जखम, घरघर, आणि तोंडून निघालेला ‘कोम्पान्येरो’ हा एकच शब्द. सोबती, मित्र, असा त्याचा अर्थ. बाकी त्याच्या मनाचा कोणताही व्यापार शब्दांकित झालेला नाही. अशा स्थितीत शोक हा स्थायी भाव पुष्ट होऊ शकत नाही. त्याऐवजी जुगुप्सा आणि भय जागे होतात. इव्हॉनचे मागे फिरणे हा जुगुप्सेचाच अनुभाव आहे, आणि तिच्याबरोबर वाचकही मागे फिरतो. करुणाच्या जागी बीभत्साची छाया येते आणि सहृदय तटस्थ होतो.

यातून रसविचारालाच एक प्रश्न विचारता येतो. सहृदयता ही जर अभिव्यक्तीच्या समृद्धीवर अवलंबून असेल, तर ज्यांना अभिव्यक्तीच नाकारली गेली आहे त्यांच्या दुःखासमोर ती मुकी होणार. ज्याला बोलता येते त्याचेच दुःख दिसते. सौंदर्यानुभवाच्या दृष्टीने ही मर्यादा दोष ठरत नाही; नैतिकतेच्या दृष्टीने ठरते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविचाराच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची चर्चा केली. वाटेवरचा माणूस या दोन ध्रुवांमधल्या तणावाच्या नेमक्या मध्यभागी पडलेला आहे. अलौकिकाच्या बाजूने पाहिले तर तो कलाकृतीच्या रचनेतला एक घटक आहे. लौकिकाच्या बाजूने पाहिले तर तो मरणारा माणूस आहे, आणि त्याला घटक म्हणणे हीच त्याला ओलांडून जाण्याची एक रीत आहे.

वाचक हाही या अर्थाने एक परदेशस्थ आहे. कादंबरीच्या प्रदेशात तो काही दिवस राहतो, तेथील सर्वांची गुपिते त्याला कळतात, तेथील प्रकाश आणि दुःख तो उपभोगतो. पण त्या प्रदेशाचे नागरिकत्व त्याला नसते आणि म्हणून कोणतेही कर्तव्य त्याच्यावर पडत नाही. रूसोच्या आक्षेपाचे मूळ या स्थितीत आहे. कॉन्सलच्या वागण्यातील जे वाचकाला खटकते तेच वाचनक्रियेच्या स्वरूपात आधीपासून असते.

५

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्याख्यानात कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर घेतलेला आक्षेप सर्वज्ञात आहे. एका युरोपीय मनाच्या विघटनासाठी संपूर्ण आफ्रिकेचा केवळ रंगमंच म्हणून वापर करणे आणि तेथील माणसांना माणूसपण नाकारणे, हा त्या आक्षेपाचा गाभा. लाउरीच्या मेक्सिकोबद्दलही हेच म्हणता येईल. ज्वालामुखी, घळ, मृतांचा सण, सारे काही एका इंग्रजाच्या अधःपाताला अर्थ पुरवण्यासाठी मांडलेले दिसते. कॉन्सलचे बालपण काश्मीरमध्ये गेले. त्याचे वडील हिमालयात निघून गेले आणि परतले नाहीत. मृत्यूच्या क्षणी त्याला काश्मीर दिसते. त्या दृश्यात कुरणे आहेत, वाहते पाणी आहे, फुले आहेत, पलीकडे हिमालय आहे. काश्मिरी माणूस मात्र नाही. इंग्रजीतील ‘इंडियन’ हा एकच शब्द मेक्सिकोच्या मूळनिवाशाला आणि भारतीयाला लागू पडतो. भारतीय वाचकाला हा योगायोग अस्वस्थ करणारा वाटला तर नवल नाही. दोन्ही ‘इंडियन’ या कादंबरीच्या कडेलाच आहेत.

तुलनेसाठी हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो राइझेस’ (१९२६) या कादंबरीकडे पाहता येईल. तेथेही पॅरिसमध्ये राहणारी भग्न, मद्यासक्त परदेशी माणसे स्पेनमधील पाम्प्लोना येथे उत्सवाला जातात. तेथेही एक स्थानिक माणूस मरतो. बैलांच्या धावण्यात शिंग लागून. पण हेमिंग्वे त्याला नाव देतो: व्हिसेंते हिरोनेस. तो ताफाल्या परिसरातला शेतकरी होता, त्याला पत्नी व दोन मुले होती, त्याचे शव आगगाडीने गावी नेले गेले, एवढे वाचकाला कळते. ज्या बैलाने त्याला मारले त्याचा कान मॅटाडोर पेद्रो रोमेरोला बहाल होतो, तो ब्रेटला देतो, आणि ब्रेट तो हातरुमालात गुंडाळलेला कान सिगारेटच्या थोटकांसह हॉटेलातल्या मेजाच्या खणात विसरून जाते. परदेशस्थांच्या उपभोगाची किंमत कोणी मोजली, हे हेमिंग्वे कोरड्या नोंदीतून दाखवतो. त्या नोंदीवर कथानायकाचे काहीही भाष्य नाही. पण नाव असल्यामुळे वाचकाला हिशेब करता येतो.

लाउरी नाव देत नाही. याचा अर्थ त्याला त्या माणसाचे मोल नव्हते असा होत नाही. उलट पुरावा दुसऱ्या दिशेला आहे. लाउरी १९३६ साली मेक्सिकोत आला आणि १९३८ साली तेथून गेला. पुढे कॅनडातील डॉलरटन येथे समुद्रकाठच्या झोपडीवजा घरात त्याने या कादंबरीची वारंवार पुनर्लेखने केली. तिची सुरुवात एका लघुकथेपासून झाली होती, आणि त्या कथेचा केंद्रप्रसंग हाच होता: बसप्रवास आणि वाटेवर मरत पडलेला माणूस. ही कथा लाउरीच्या मृत्यूनंतर १९६३ साली छापली गेली. प्रकाशक जोनाथन केप यांना २ जानेवारी १९४६ रोजी लिहिलेल्या दीर्घ पत्रात प्रत्येक प्रकरणाचे समर्थन करताना लाउरीने हे आठवे प्रकरण सर्वांत आधी लिहिल्याचे नमूद केले आहे. म्हणजे ज्या माणसाला पात्रे आणि वाचक मागे टाकून जातात, त्याच्यापासूनच कादंबरी सुरू झाली. लेखन वाढत गेले, कॉन्सल वाढत गेला, आणि मूळ माणूस अकरा प्रकरणांच्या वेढ्यात एका प्रसंगापुरता उरला.

निर्मितीचा हा इतिहास अचेबे यांच्या आक्षेपाला संपूर्ण उत्तर देत नाही. तो आक्षेप अंशतः टिकतोच. परंतु कादंबरीला या विस्मरणाची जाणीव आहे काय, हा पुढचा प्रश्न त्यातून उभा राहतो.

६

ती जाणीव बाराव्या प्रकरणात आहे. पारिआन येथील ‘फारोलितो’ या मद्यालयाबाहेर कॉन्सलला सात आकड्याचा घोडा बांधलेला दिसतो. घोड्याच्या मालकाचे काय झाले असावे याचा अंदाज त्याला येतो. ग्रामीण सामुदायिक शेतीला कर्ज देणाऱ्या बँकेचे पैसे घेऊन जाणाऱ्या जासुदांना फॅसिस्टवृत्तीचे सशस्त्र लोक लुटत असल्याची सूचना कादंबरीत आधी येऊन गेलेली असते. येथे कॉन्सल दिवसभरात प्रथमच कोणातरी दुसऱ्यासाठी, उशिरा आणि नशेत का होईना, आवाज उठवतो. त्याला गोळ्या घातल्या जातात. सुटलेला घोडा अंधारात उधळतो आणि त्याच्या टापांखाली इव्हॉन मरते. रस्त्यावर जे टाळले ते अशा रीतीने परत येते.

मरताना कॉन्सलच्या लक्षात येते की आता वाटेवर पडलेला माणूस तो स्वतः आहे आणि कोणी थांबणार नाही. ‘पेलादो’ ही शिवी त्याला उद्देशून कोणीतरी वापरली होती, हेही त्याला आठवते. आपण मेलेल्याचे पैसे उचलणाऱ्या त्या चोराहून फार वेगळे नाही, असे त्याला क्षणभर जाणवते. परंतु आणखी एक गोष्ट घडते, आणि या लेखाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. एक म्हातारा सारंगीवाला त्याच्यावर वाकतो आणि त्याला ‘कोम्पान्येरो’ म्हणून हाक मारतो. वाटेवरच्या माणसाने उच्चारलेला शब्द येथे परत येतो. त्याआधी मद्यालयातल्या एका वृद्ध स्त्रीनेही कॉन्सलला सावध करण्याचा प्रयत्न केलेला असतो. म्हणजे कॉन्सलपाशी कोणी थांबले नाही हे अक्षरशः खरे नाही. दोन दरिद्री, अनाम स्थानिक माणसे थांबली. या कादंबरीत दया फक्त एकाच दिशेने वाहते: ज्यांना नाव नाही त्यांच्याकडून ज्याला नाव आहे त्याच्याकडे. उलट दिशेचा प्रवाह आठव्या प्रकरणात बंद पडला होता. कॉन्सलच्या मृत्यूने हळहळणाऱ्या वाचकाला हे सहसा दिसत नाही. त्याची स्वतःची करुणाही त्याच दिशेने वाहत असते.

प्रथम वाचनाच्या करुणेचे नैतिक मोल काय, या प्रश्नाला म्हणून असे उत्तर देता येईल. ती खोटी नाही. कॉन्सलचे दुःख खरे आहे आणि त्याच्यासाठी वाटणारा शोकही खरा आहे. पण ती पक्षपाती आहे, आणि हा पक्षपात वाचकाने जाणून बुजून केलेला नाही. कथनाने त्याच्याकडून करवून घेतलेला आहे. तो ओळखण्याची साधनेही त्याच कथनाने पुरवली आहेत. ती वापरायची की नाही हे मात्र वाचकावर सोपवलेले आहे. येथे वाचकाची जबाबदारी सुरू होते. मदत करणे त्याला अशक्य आहे. आपले लक्ष कोणाला ओलांडून गेले याचा हिशेब ठेवणे शक्य आहे. कादंबरीबाहेरच्या कर्तव्याला हा हिशेब पर्याय ठरू शकत नाही. रूसोचा इशारा तेवढ्यापुरता कायमच राहतो. परंतु ज्या दुःखाला शब्द मिळालेले नाहीत त्याच्याकडे पाहण्याची सवय जर कोठे लागू शकत असेल, तर ती अशा हिशेबातूनच.

हे काम दुसऱ्या वाचनात होते. लाउरीने पहिले प्रकरण एक वर्षानंतरचे ठेवून कादंबरीला चक्राकार रूप दिले आहे. शेवट वाचून पुन्हा आरंभाकडे वळावे अशीच तिची रचना आहे. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या प्रकरणात, ह्यू आणि इव्हॉन घोड्यांवरून फिरायला गेलेले असताना, एका गुत्त्याबाहेर उन्हात भिंतीला टेकून विसावलेला एक माणूस दिसतो. जवळच्या झाडाला घोडा बांधलेला आहे आणि त्याच्या पुठ्ठ्यावर सात आकडा आहे. पहिल्या वाचनात हा तपशील निसटून जातो, कारण तोवर त्याला अर्थ नसतो. पुढे सातव्या प्रकरणात कॉन्सल आणि लारुएल चढण चढत असताना तोच स्वार पांढऱ्या कपड्यांत, गुणगुणत येतो. त्यांच्याकडे पाहून मान लववतो. घोडा सावकाश करून त्यांच्या बरोबरीने थोडे अंतर चालतो. तो काहीतरी बोलणार असे वाटते. पण तो बोलत नाही. चढ संपताच हात हलवतो आणि गात गात दौडत निघून जातो.

वाटेवर पडण्यापूर्वी तो माणूस असा होता. कॉन्सलला तो भेटला होता, त्याने कॉन्सलला अभिवादन केले होते, आणि कॉन्सलने त्याला काही विचारले नव्हते. दुसऱ्या वाचनानेही त्याला नाव मिळत नाही, तो काय बोलणार होता हेही कळत नाही. एवढेच होते की, आठव्या प्रकरणात बस थांबते तेव्हा वाचक त्याला ओळखतो.